कूपनवाला हॉपकिन्स

आधीच कबूल करून टाकतो. या लेखामागची प्रेरणा म्हणजे आमचे गेलेले बाराशे रुपये.

झालं असं की मी आणि माझा रूम पार्टनर, दोघांनी मिळून सुट्टीत एक वेबसाइट काढली. इंजिनिअरिंगच्या कुठल्या विषयाला कुठलं पुस्तक बरं, त्यातले कुठले चॅप्टर वाचायचे, अशी माहिती आणि खाली पुस्तक विकत घेण्याची लिंक. त्या लिंकवरून कुणी पुस्तक घेतलं की दुकानदार कंपनी आम्हाला थोडं कमिशन देणार. याला म्हणतात अ‍ॅफिलिएट वेबसाइट. अमेझॉनने १९९६ साली ही पद्धत स्वीकारली आणि मग सगळीकडे पसरली. साध्या मराठीत सांगायचं तर दलाली. माल दुसऱ्याचा, गोडाऊन दुसऱ्याचं, गिऱ्हाईक आणून देणं एवढंच आपलं काम.

पण गिऱ्हाईक काही येईना. मग आम्ही गावातल्या एका पेपरात छोटी जाहिरात दिली. रविवारी ती छापून आली, मेसमध्ये सगळ्यांना दाखवून झाली. त्या आठवड्यात साइटवर नेहमीपेक्षा थोडी जास्त माणसं आली खरी. पण ती पेपर वाचून आली, का मेसमधल्या पोरांनीच गंमत म्हणून उघडली, का गूगलवरून भटकत आली? काही कळायला मार्ग नाही. बाराशे रुपये गेले. त्याचं दुःख होतंच, पण ते वाया गेले की कामाला आले हेसुद्धा सांगता येत नव्हतं, याचा जास्त त्रास झाला. रीडिंग न घेताच ग्राफ काढल्यासारखं. (तसं आपण प्रॅक्टिकलला करतो, पण तो विषय वेगळा!)

याच चिडचिडीत एका माणसाची ओळख झाली. माणूस १९३२ सालीच वारलेला. कॉम्प्युटर त्याने पाहिला नाही. पण पेपरात दिलेली जाहिरात परवडते की नाही, या एकाच प्रश्नाच्या मागे त्याने आख्खं आयुष्य घालवलं. त्याचं नाव क्लॉड हॉपकिन्स.

क्लॉडचा जन्म १८६६ सालचा, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातला. वडील वर्तमानपत्राच्या धंद्यात होते. म्हणजे शाईचा वास घरातच. पण क्लॉड लहान असतानाच वडील गेले आणि सगळा भार आईवर पडला. आई मूळच्या स्कॉटिश घराण्यातली, अतिशय कडक, धार्मिक आणि कष्टाळू. आई राबायची आणि पोरगाही राबायचा. सकाळी दोन शाळांची कुलपं उघडायची, शेगड्या पेटवायच्या, झाडलोट करायची, मग स्वतःच्या वर्गात जाऊन बसायचं आणि संध्याकाळी पासष्ट घरी पेपर टाकायचे. आपल्याला सकाळी आठचं लेक्चर जड जातं, ते आठवून मला जरा लाजच वाटली.

त्या वयात त्याने केलेली दोन कामं मला फार महत्त्वाची वाटतात. पहिलं काम हँडबिलं वाटायचं. गावात साधारण हजार घरं. प्रत्येक घरात एकेक कागद टाकायचे क्लॉड दोन डॉलर घ्यायचा आणि त्यासाठी पस्तीसेक मैल पायपीट करायचा. बाकीची पोरं दीड डॉलरमध्येच तयार होती. पण ती एकाच घरात चार-चार कागद टाकायची आणि लांबची घरं सरळ गाळायची. क्लॉडने जाहिरातदारांना सांगितलं की भाव बघू नका, कुणाच्या वाटपानंतर किती गिऱ्हाईक येतं ते मोजून बघा. त्यांनी मोजलं आणि थोड्याच दिवसांत गावातलं सगळं वाटप क्लॉडकडे आलं. स्वस्त जाहिरात आणि परवडणारी जाहिरात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला मिसरूड फुटायच्या आधी कळलं होतं.

दुसरं काम चांदीची भांडी घासायच्या पॉलिशचं. आई पॉलिश बनवायची, त्याच्या वड्या पाडून छान कागदात गुंडाळायच्या आणि क्लॉडने दारोदार विकायच्या. दारात उभं राहून नुसतं बोललं तर दहा घरांत एक वडी खपायची. तेच आत जाऊन त्यांचंच एखादं भांडं घासून दाखवलं तर जवळजवळ प्रत्येक घरात खपायची. माल तोच, पोरगा तोच, गाव तेच. फक्त पद्धत बदलली आणि आकडा दहापट झाला. आता याला प्रयोग नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

आईची इच्छा, मुलाने धर्मोपदेशक व्हावं. क्लॉडने विशीच्या आतच प्रवचनं द्यायला सुरुवातही केली होती. पण आईचा कर्मठपणा त्याला पटेना. शेवटी त्याने तो रस्ता सोडला आणि आईशी कायमचं अंतर पडलं. घरच्यांना एक करायचं होतं आणि पोराने दुसरंच केलं, ही गोष्ट आपल्याकडे हॉस्टेलच्या दर तिसऱ्या खोलीत सापडेल. पण त्या काळात, तशा घरात हे सोपं नव्हतं.

मग ग्रँड रॅपिड्स गावात हिशेबनिसाची नोकरी. पुढे तो बिसेल कंपनीत गेला. ही कंपनी कार्पेट स्वीपर, म्हणजे गालिचे झाडायचं ढकलगाडीसारखं यंत्र, बनवायची. कंपनीने जॉन पॉवर्स नावाच्या त्या काळच्या सगळ्यात नावाजलेल्या जाहिरात-लेखकाकडून एक माहितीपत्रक लिहून घेतलं होतं. हॉपकिन्सने ते वाचलं आणि साहेबांना जाऊन सांगितलं की या लेखकाला आपलं यंत्रच माहीत नाही, मला एक संधी द्या. जमाखर्च लिहिणाऱ्या पोराने असं बोलायचं म्हणजे डेअरिंगच! पण संधी मिळाली. नाताळच्या भेटीसाठी हे यंत्र कसं योग्य आहे, अशी पाचेक हजार पत्रं त्याने व्यापाऱ्यांना पाठवली. त्यावर हजारभर ऑर्डरी आल्या. टपालाने आलेल्या त्या कंपनीच्या जवळजवळ पहिल्याच ऑर्डरी.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हिशेबनीस असल्यामुळे त्याला सवयच होती की खर्चाच्या बाजूला काही लिहिलं की जमेच्या बाजूला काय आलं ते शोधायचं. जाहिरातीच्या धंद्यात तेव्हा ही सवय फार थोड्यांना होती. जाहिरात द्यायची, नाव झालं म्हणायचं आणि देवावर भरवसा ठेवायचा. आम्हीही बाराशे रुपयांत हेच केलं होतं.

बिसेल सोडून हॉपकिन्स शिकागोला आला. तिथून पुढे त्याची गाडी सुसाट निघाली. श्लिट्झ नावाच्या बिअर कंपनीची गोष्ट तर आजही जाहिरातीच्या वर्गात सांगतात. सगळे कारखानदार आपली बिअर शुद्ध आहे असं मोठ्या अक्षरात छापायचे आणि लोक ते वाचून पान उलटायचे. हॉपकिन्स आधी कारखाना बघायला गेला. गाळलेल्या हवेच्या काचेच्या खोल्या, रोज दोनदा धुतले जाणारे पंप आणि नळ्या, चार-चार वेळा धुतलेल्या बाटल्या, पाण्यासाठी खणलेल्या खोल विहिरी, हे सगळं त्याने बघितलं आणि तेच जाहिरातीत लिहिलं. कंपनीवाले म्हणाले, अहो, हे तर सगळेच करतात. हॉपकिन्सचं म्हणणं होतं की करत असतील, पण सांगितलं कुणी नाही. त्याच्या हिशेबाने पाचव्या नंबरवरची श्लिट्झ काही महिन्यांत पहिल्या नंबरच्या बरोबरीला आली.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, म्हणजे मोजायचं कसं?

हॉपकिन्सचं हत्यार होतं कूपन. जाहिरातीच्या कोपऱ्यात एक तुटक रेषांची चौकट असायची. ती कापायची, नाव-पत्ता लिहायचा आणि कंपनीला पाठवायची किंवा दुकानात द्यायची. बदल्यात नमुना फुकट. पण खरी गंमत त्या कूपनवरच्या खुणेत होती. समजा एकच जाहिरात दोन पेपरांत दिली. एकातल्या कूपनच्या पत्त्यात विभाग क्रमांक ७ लिहायचं आणि दुसऱ्यातल्या पत्त्यात विभाग क्रमांक ८. कंपनीत असे विभाग बिभाग काही नसायचे. पण टपालात आलेल्या कूपनांचे दोन गठ्ठे केले की कुठल्या पेपराने किती माणसं आणली ते आपोआप कळायचं. तसंच एकाच पेपरात दोन वेगळे मथळे छापून कुठला मथळा चालतो तेही कळायचं. खूण घालायची ही युक्ती टपालाने माल विकणाऱ्या मंडळींची, ती हॉपकिन्सने शोधलेली नाही. पण त्याने ती दुकानातून विकल्या जाणाऱ्या साबण, दंतमंजन, खाद्यपदार्थ अशा रोजच्या वस्तूंना लावली आणि तिच्यावर आपला सगळा धंदा उभा केला.

मग गणित सोपं. जाहिरातीचा खर्च भागिले आलेली कूपनं, म्हणजे एका चौकशीचा खर्च. त्यातल्या कितीजणांनी पुढे माल घेतला ते बघितलं की एका गिऱ्हाइकाचा खर्च. आणि ते गिऱ्हाईक आपल्याला किती नफा देतं तो तिसरा आकडा. दुसरा आकडा तिसऱ्यापेक्षा लहान असेल तर जाहिरात परवडली, मोठा असेल तर बंद. इथे मतं, वाद, सौंदर्यदृष्टी यांना जागाच नाही. इंटरनेटवर आज जे क्लिक मोजतात, दोन मथळ्यांची तुलना करतात, ते हेच. फरक एवढाच की हॉपकिन्सला निकालासाठी टपालाची वाट बघावी लागायची.

१९०७ च्या सुमारास अल्बर्ट लास्कर या बड्या असामीने त्याला आपल्या लॉर्ड अँड टॉमस या शिकागोच्या जाहिरात कंपनीत आणलं. तिथे त्याने सतरा वर्षं काढली. पामोलिव्ह साबण हे तिथलं मोठं काम. कंपनीचे मालक धास्तावलेले, एकदम मोठा खर्च करायला तयार नव्हते. म्हणून बेंटन हार्बर या मिशिगनमधल्या छोट्या गावात सातशेएक डॉलरमध्ये आधी चाचणी घेतली. पेपरातलं कूपन दुकानात द्यायचं आणि पामोलिव्हची एक वडी घेऊन जायची, तिचे पैसे दुकानदाराला कंपनी देणार. त्यामुळे दुकानदारांनीही माल आधीच भरून ठेवला. आता विचार करा, फुकट वडी देऊन कंपनीला काय मिळालं? पहिल्या वडीत तोटाच. पण साबण महिन्याभरात संपतो. मग बाई दुसरी वडी विकत घेते, तिसरी घेते. हॉपकिन्स हिशेब करायचा तो या पुढच्या वड्यांवर. एका गावात जमलं की दोन-चार शहरांत आणि तिथे जमलं की देशभर. आपण आधी ब्रेडबोर्डवर सर्किट लावतो आणि मगच पीसीबी बनवतो, अगदी तसंच.

मात्र त्याची प्रत्येक चाचणी यशस्वी झाली असं समजू नका. क्वेकर कंपनीच्या फुगवलेल्या गहू-तांदळाची गोष्ट ऐका. अलेक्झांडर अँडरसन नावाच्या शास्त्रज्ञाने ही पद्धत शोधली होती. दाणे बंद नळीत तापवायचे, आत दाब वाढू द्यायचा आणि एकदम तोंड उघडायचं. दाण्यातल्या ओलाव्याची झटक्यात वाफ होते आणि दाणा फुगून कितीतरी पट मोठा होतो. १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात त्याने तोफेसारख्या नळ्यांतून तांदूळ उडवून दाखवला होता. हॉपकिन्सने ही तोफच जाहिरातीत आणली आणि लोकांनी माल उचलला. पण पेपरांतल्या जाहिरातींवर घातलेला मोठा पैसा फुकट गेला, हे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवलं. कारण? तो पदार्थ साध्या धान्यापेक्षा महाग. पेपर घेणारी माणसं लाखो, पण त्यातल्या बहुतेकांना हा पदार्थ परवडणारा नव्हता. मासिकं घेणारा वर्ग लहान, पण पैसेवाला. तिथे तीच जाहिरात चालली. म्हणजे पेपर किती लोक वाचतात यापेक्षा त्यातले आपल्या कामाचे किती हे महत्त्वाचं. बाकीच्यांसाठीही आपण जागेचं भाडं भरतच असतो.

हे वाचलं तेव्हा आमची जाहिरात डोळ्यांसमोर आली. आख्ख्या गावाच्या पेपरात इंजिनिअरिंगच्या पुस्तकांची साइट! वाचणारे आजोबा, भाजीवाले, लग्नाच्या जाहिराती बघणारे आईवडील. धन्य आमची!

आता हॉपकिन्सच्या आयुष्यातलं एक काळं पान. ते गाळून फक्त गुणगान केलं तर लेख खोटा होईल.

लास्करकडे येण्याआधी हॉपकिन्स डग्लस स्मिथ नावाच्या गृहस्थांबरोबर लिक्वोझोन नावाचं औषध विकत होता आणि त्यात त्याची भागीदारीही होती. हे औषध पोटातले जंतू मारतं, असंख्य रोगांवर चालतं, असा दावा. पद्धत तीच: पेपरात जाहिरात, कूपन, पहिली बाटली फुकट. कूपनांचे ढीग आले, विक्री जोरात झाली. मोजमापाच्या दृष्टीने प्रयोग एकदम यशस्वी. मग १९०५ साली सॅम्युअल हॉपकिन्स अ‍ॅडम्स या पत्रकाराने (आडनावासारखं नाव, नातं काही नाही) कॉलिअर्स साप्ताहिकात अशा औषधांचं पितळ उघडं पाडणारी लेखमाला लिहिली. लिक्वोझोनचं रासायनिक पृथक्करण केलं तर काय निघालं? जवळजवळ सगळं पाणी आणि त्यात एखादा टक्का अ‍ॅसिड. लोक आजारपणात डॉक्टर सोडून हे पाणी पीत होते. १९०६ साली अमेरिकेत अन्न आणि औषधांच्या शुद्धतेचा कायदा झाला, त्यामागे या लेखमालेचाही हात होता.

मला वाटतं, हॉपकिन्सच्या चरित्रातला सगळ्यात मोठा धडा इथे आहे. त्याचा मीटर बरोबर होता, रीडिंगही बरोबर होतं. पण तो मीटर फक्त एकच गोष्ट मोजत होता, जाहिरात परवडते की नाही. जाहिरात खरी आहे का, हे त्या मीटरवर कधीच दिसलं नसतं. कूपन खोट्या औषधालाही येतात आणि चांगल्या साबणालाही येतात. व्होल्टमीटरने तापमान कळत नाही, तसं. आणि याचा अ‍ॅफिलिएटवाल्यांशी सरळ संबंध आहे. आपण जो माल सुचवतो तो आपण बनवलेला नसतो, कित्येकदा पाहिलेलाही नसतो. कमिशन जास्त म्हणून भलतंच पुस्तक चांगलं म्हणून लिहिलं, तर साइटवरचे आकडे काही आपल्याला थांबवणार नाहीत. तिथे आपणच थांबायचं.

पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याच डग्लस स्मिथने हॉपकिन्सला टूथपेस्टच्या कामात ओढलं. नाव पेप्सोडेंट. होय, तीच. आपल्याकडे हिंदुस्थान लिव्हरने हे नाव १९९३ साली बाजारात आणलं. हॉपकिन्स आधी नाहीच म्हणत होता. मग कंपनीचे शेअर मिळण्याच्या अटीवर तयार झाला. दातांच्या शास्त्रावरची रुक्ष पुस्तकं वाचताना त्याला दातांवर साचणाऱ्या चिकट थराची माहिती सापडली. जीभ फिरवली की हा थर जाणवतो. त्यावरच त्याने जाहिरात बेतली आणि वेगवेगळ्या खुणांच्या कूपनांनी कुठला मजकूर चालतो ते शोधलं. पेप्सोडेंट देशोदेशी गेली आणि हॉपकिन्सला त्या शेअरमधून दहा लाख डॉलरच्या घरात पैसा मिळाला. इथेही खरं सांगायला पाहिजे. तो थर दात न घासणाऱ्या प्रत्येकाच्या दातांवर असतो, कुठल्याही चांगल्या घासण्याने कमी होतो आणि परत येतो. पेप्सोडेंटमध्येच काही खास जादू होती असं नाही. पण रोज दात घासायची सवय अमेरिकेत पसरायला या जाहिरातींनी हातभार लावला, असं पुष्कळजण मानतात.

१९२३ साली त्याने आपली सगळी विद्या सायंटिफिक अ‍ॅडव्हर्टायझिंग या छोट्याशा पुस्तकात लिहिली. १९२४ ला लास्करची कंपनी सोडली, १९२७ ला आत्मचरित्र आलं आणि १९३२ साली मिशिगनमध्येच त्याचं निधन झालं. वय सहासष्ट.

त्या आत्मचरित्रात एक प्रकरण आहे, आपल्या सगळ्यात मोठ्या चुकीबद्दल. मला वाटलं होतं की लिक्वोझोनबद्दल असेल. तसं नाही. त्याला वाटलेली मोठी चूक ही की आयुष्याची बरीच वर्षं त्याने दुसऱ्यांचा माल कमिशनवर खपवला, दुसऱ्यांना श्रीमंत केलं आणि स्वतःचा धंदा उभा करायला फार उशीर केला. आणि हा माणूस कमिशनमध्ये एका वर्षात १,८५,००० डॉलरपर्यंत कमावणारा! त्या काळच्या १,८५,००० डॉलरचा अंदाज तुम्हीच करा. तरीही त्याला हे वाटलं. कारण पामोलिव्हचं गिऱ्हाईक वर्षानुवर्षं साबण घेत राहिलं, पण ते गिऱ्हाईक कंपनीचं होतं, हॉपकिन्सचं नव्हतं.

आता आमच्या वेबसाइटचं गणित करून बघू. आकडे समजुतीसाठी धरले आहेत. समजा पुस्तक ४०० रुपयांचं, कमिशन ५ टक्के. म्हणजे एका ऑर्डरीमागे २० रुपये. जाहिरात १,२०० रुपयांची. नुसता खर्च निघायला ६० ऑर्डरी हव्यात. साइटवर आलेल्या शंभरांतल्या दोघांनी पुस्तक घेतलं असं धरलं तर ३,००० माणसं यायला हवीत. एका छोट्या चौकोनी जाहिरातीवरून ३,००० माणसांनी पेपर बाजूला ठेवून आमचा पत्ता हाताने टाइप करायचा! आणि त्यातले काहीजण पुस्तकाचं नाव लक्षात ठेवून सरळ मोठ्या दुकानाच्या साइटवर जाणार, म्हणजे आमच्या लिंकवरून गेलेच नाहीत, कमिशन शून्य. ज्यांनी घेतलं त्यांनाही दुकानाचाच ईमेल येत राहणार, पुढची खरेदी परस्पर. पामोलिव्हला दुसरी-तिसरी वडी मिळाली, आम्हाला फक्त पहिलीचे वीस रुपये.

तेव्हा पेपरातली जाहिरात छोट्या अ‍ॅफिलिएट साइटला परवडते का? माझं उत्तर, बहुतेक वेळा नाही. पेपर वाईट म्हणून नव्हे. हॉपकिन्सला त्याच पेपरांनी कोट्यवधीचा धंदा दिला. पण त्याच्याकडे परत परत खपणारा माल होता, दुकानादुकानात साठा होता आणि एका गिऱ्हाइकाकडून वर्षानुवर्षं नफा यायचा. एकदाच मिळणाऱ्या वीस रुपयांवर पेपराच्या जागेचं भाडं निघत नाही. परवडायचं असेल तर कमिशन मोठं हवं किंवा दर महिन्याला येणारं हवं, वाचक नेमके आपल्या कामाचे हवेत आणि आलेला माणूस परत आपल्याकडेच यावा अशी काहीतरी सोय हवी.

आणि तरीही द्यायचीच असेल तर कूपन विसरू नका. आता कापून पाठवायची गरज नाही. जाहिरातीत साइटचा एक वेगळाच पत्ता द्या, जो दुसरीकडे कुठेही छापलेला नाही. किंवा क्यूआर कोड टाका, तो फक्त त्याच जाहिरातीचा. दोन पेपर असतील तर दोन वेगळे कोड. सगळ्यात छोट्या जागेपासून सुरुवात करा, रीडिंग घ्या आणि मगच पुढचे पैसे काढा.

आम्ही सध्या पेपराचा नाद सोडला आहे. त्याऐवजी प्रत्येक विषयाच्या स्वतः काढलेल्या नोट्स साइटवर टाकायला सुरुवात केली आहे. त्या आमच्या आहेत, कुणाच्या कमिशनवरच्या नाहीत, आणि त्या घ्यायला येणारी पोरं पुढच्या सेमिस्टरला परत येतील अशी आशा आहे. पुस्तकांची शिफारसही आता फक्त आम्ही वाचलेल्या पुस्तकांची. त्यामुळे यादी फारच छोटी झाली हे वेगळं सांगायला नको!

बाराशे रुपयांत एवढं शिकायला मिळालं. तेव्हा ते वाया गेले की नाही, या प्रश्नाचं उत्तर निदान आता तरी मिळालं म्हणायचं.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी